आधी गाडी, मग टोकन

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी त्याच्या गाडीखाली होते. म्हणजे अर्धी. पाय बाहेर, डोकं आत, हातात मोबाईलचा टॉर्च. वरून आवाज आला –

"काही हरवलंय का?"

"नाही. गंज बघतेय."

"कोणाला विचारून?"

"मालकाला."

"मालक मी आहे."

मी सरकत बाहेर आले. केसांत माती, कोपराला ग्रीस, आणि वर पावसाची भुरभुर. समोर एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. सदऱ्यावर दहा रंगांचे ठिपके. चेहऱ्यावर राग नव्हता, हसू दाबायची धडपड होती. त्याचाच मला राग आला.

"तुम्ही मालक? मग तुम्ही परगावी असायला हवं होतं," मी म्हणाले. "बदली झालीय ना तुमची? बायकामुलांना घेऊन कायमचे गेलात म्हणून गाडी घाईत काढताय ना?"

"बायकामुलं…" तो विचारात पडला. "मला झाली कधी? तुमच्याकडे काही बातमी असेल तर मलाही सांगा."

आता हे असं अर्धवट ऐकलं तर वाटेल, ही मुलगी येडी आहे. तर आधी नीट सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ज्या क्लिनिकमध्ये होते तिथे दहा-दहा मिनिटांत पेशंट उरकायला लावायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजींना "चला, पुढचे" म्हणायला माझी जीभ रेटेना. सोडली नोकरी. आता मी लोकांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. पण खांद्याला भलीमोठी पिशवी, हातात घडीचं टेबल, काखेत मोठा चेंडू आणि दिवसाला सहा बस, एवढ्यात माझाच मणका सुजायची वेळ आली होती. म्हणून गाडी हवी होती. जुनी, साधी, माझ्या बचतीत बसणारी.

"माझ्या मित्राकडून घे," दादा म्हणाला. "तुला गाडीतलं काय कळतं? ऑनलाइन बघत बसशील आणि गंडशील."

"गंडले तर गंडले. तुझ्या मित्राच्या उपकारांत बसून हिंडणार नाही."

बाबा मला लहानपणापासून वकीलसाहेब म्हणतात. त्यांनी चष्मा काढला आणि निकाल दिला – एक महिना. महिन्यात स्वतःची गाडी घेऊन दाखव. नाहीतर क्लिनिकची जागा अजून रिकामी आहे, तिथे परत जा. "आणि फसलीस तर?" दादाने विचारलं. मी तावातावाने म्हणाले, "फसले तर त्याच दिवशी जाईन, अवाक्षर न काढता." बोलून बसले खरी. आईने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि पोळपाट लाटणं घेऊन आत गेली.

चौथ्याच दिवशी ही जाहिरात दिसली. पिस्ता रंगाची छोटी गाडी, किंमत इतकी कमी की दोनदा वाचली. विकणारा फोनवर मधाळ. मॅडम, बदली झालीय, मी बायकामुलांसह बाहेरगावी आहे, तुम्ही टोकन पाठवा, आमचा माणूस गाडी घरपोच आणून देईल. मी म्हटलं, आधी गाडी, मग टोकन. तो म्हणाला, विश्वास नाही का? मी म्हटलं, अजिबात नाही. फोटोत गाडीच्या मागे गोल खिडक्यांची पिवळी इमारत होती. त्या इमारतीसमोरून माझी रोजची बस जाते. उतरले आणि शोधली. गाडी तिथेच, एका गाड्या रंगवायच्या वर्कशॉपच्या दारात उभी होती.

त्या किडकिडीत माणसाने, म्हणजे रंगाऱ्याने, माझा मोबाईल घेऊन जाहिरात बघितली. हसू मावळलं.

"हे फोटो मी काढलेत. गाडी रंगवून झाल्यावर कामाचा नमुना म्हणून टाकले होते. ही विकायची नाहीच."

तेवढ्यात मोबाईल वाजला. मॅडम, दुसरं गिऱ्हाईक समोर बसलंय, पाच मिनिटांत टोकन आलं नाही तर गाडी गेली. मी गाडीकडे बघितलं. ती काही कुठे जायच्या विचारात दिसत नव्हती. मी उत्तर लिहिलं – 'गाडीला टेकून उभी आहे. मालकही शेजारीच आहेत. तुम्ही येताय का चहाला?'

त्यानंतर तो नंबर कायमचा गप्प झाला.

"पैसे गेले का काही?" रंगाऱ्याने विचारलं.

"एक दमडी नाही."

"मग हे तोंड असं का?"

"कारण गाडी आवडली होती," मी म्हणाले, आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं. मी ते ग्रीसच्या हातानेच पुसलं. त्याने खिशातून स्वच्छ फडकं काढलं, पुढे केलं, आणि शहाण्यासारखा दुसरीकडे बघत उभा राहिला.

आम्ही दोघांनी मिळून तक्रार केली. फोटो त्याचे, मेसेज मला आलेले, म्हणून दोघांची सही लागली.

"तुमचा नंबर द्या," मी म्हणाले. "तक्रारीसाठी."

"तक्रारीसाठीच ना?"

"सध्या तरी."

पुढच्या रविवारी त्याचाच फोन आला. तक्रारीचं काही कळलं का, हे विचारायला. काही कळलं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. मी म्हटलं, आज एक गाडी बघायला चाललेय. तो म्हणाला, येऊ का?

"एका अटीवर. तुम्ही विकणाऱ्याशी एक शब्द बोलायचा नाही. गाडी मी घेतेय."

"आणि बोललो तर?"

"तर पुढच्या रविवारी मी एकटी."

"मुका झालो," तो म्हणाला.

निघायच्या आधी त्याने मला वर्कशॉपमध्ये उभं केलं. "डोळे मिटा." मी एक डोळा उघडाच ठेवला. "दोन्ही, डॉक्टर."

"डॉक्टर नाही मी."

"बरं, डॉक्टर. दोन्ही."

त्याने माझी बोटं एका दारावर टेकवली. "हा कारखान्यातून आलेला रंग. जरासा खरखरीत लागतो, संत्र्याच्या सालीसारखा. आता हा…" माझा हात पुढच्या दारावर सरकला. काचेवर फिरावा तसा. "हा मी घासून दिलेला. बाकीचे लोक कडेला चिकटपट्टीचा कंगोरा ठेवतात, तो नखाला लागतो. माझ्या कामात नाही सापडायचा."

"फार अभिमान दिसतो."

"आहेच," तो म्हणाला. हात अजून माझ्या हातावर होता. मी डोळे उघडले तेव्हा तो दाराकडे बघत नव्हता.

मग तीन रविवार आम्ही गाड्या बघत हिंडलो. एकाने आम्ही यायच्या आधीच इंजिन चालू करून ठेवलेलं. मी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हटलं, हिला ताप आहे, थंड झाल्यावर येते. थंड असताना सुरू व्हायला खळखळ करते, म्हणून तर गरम करून ठेवली होती. दुसऱ्याचे कागद भावाच्या नावावर, भाऊ कुठे तर परदेशात. तिसरी गाडी मीटरवर तीस हजार किलोमीटर दाखवत होती. मी खाली वाकून क्लचचं पेडल बघितलं. रबर एका बाजूने पार गुळगुळीत. मी रोज पेशंटच्या चपला उलट्या करून बघते. माणूस किती आणि कसा चालला, ते चपलेचा तळ खरं सांगतो. हे पेडल लाखभर तरी चाललेलं होतं. मीटर मागे फिरवला होता. मालकाला तसं तोंडावर सांगितलं तर तो म्हणाला, बाई, तुम्ही कोण? मी म्हटलं, हाडांची माणूस.

रंगारी मुका, पण बाहेर येऊन कोपऱ्यावर वळेपर्यंतच. मग भिंतीला टेकून हसत सुटायचा. "हाडांची माणूस… अहो, त्याचं तोंड बघितलंत?" आणि मला, खरं सांगू, गाडी मिळाली नाही याचं दुःख वाटेनासं झालं होतं. रविवार संपला याचं वाटायचं.

महिना संपायला पाच दिवस उरले. दादा रोज विचारायचा, "काय वकीलसाहेब, कितवी गाडी?" क्लिनिकच्या मुख्य बाईंचाही फोन येऊन गेला – सोमवारी येतेस ना? मी म्हटलं, बघते.

आणि मग ती निळी गाडी आली. जाहिरातीत लिहिलं होतं, एकच मालकीण, शिक्षिका, घर ते शाळा एवढाच वापर, दलालांनी फोन करू नये. दाखवायला एक गोल चेहऱ्याचा माणूस आला. "ताईची गाडी आहे. फुलासारखी जपलीय."

त्याने रंगाऱ्याकडे पाहिलं. रंगाऱ्याने त्याच्याकडे. आणि दोघांनी एकदमच नजर वळवली. मी ते बघितलं.

मी गाडीभोवती फिरले. इंजिन थंड, आवाज छान. पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या कडेला हात घातला. तिथे नक्षी उरलीच नव्हती, बाहेरून मात्र नवाकोरा. पाय वाकडा पडणाऱ्या माणसाची चप्पल अशीच झिजते. मग उजव्या दारावर बोटं फिरवली. बारीक खरखर. डाव्या दारावर फिरवली… काच. कडेला नख लावलं. कंगोरा नाही. मागचं दार, तेही तसंच.

इतकं साफ काम करणारा माझ्या माहितीत एकच माणूस होता, आणि तो माझ्यापासून चार पावलांवर उभा राहून स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

याला माहीत आहे. याने ही गाडी फुटलेली बघितलीय, आणि गप्प आहे. माझी अट आठवली, मीच मुका केलाय त्याला. पण म्हणून… इतका?

"घेते," मी मोठ्याने म्हणाले. "टोकन कुठे पाठवू?"

गोल चेहऱ्याने खुशीत नंबर सांगितला. मी एकेक आकडा टिपला, सावकाश. रंगाऱ्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता. मी रक्कम लिहिली. अंगठा पुढे नेला –

"थांब."

तीन रविवार तो मला अहो-जाहो करत होता.

"थांब, नको पाठवू. ही डावी बाजू मी रंगवलीय. दोन महिन्यांपूर्वी. पूर्ण आत गेली होती, दोन दारांमधला खांबसुद्धा वाकला होता. ही कुठल्या ताईची गाडी नाही. हे गाड्यांचे व्यापारी आहेत, माझं निम्मं काम यांच्याकडूनच येतं."

"येत होतं," गोल चेहरा म्हणाला. आवाजातला मध पार आटला होता. "उद्यापासून एक गाडी तुझ्या दारात आली तर सांग."

"नका पाठवू," रंगारी म्हणाला. "पण ही गाडी हिच्या गळ्यात मारायची नाही."

आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. तो बोलला. माझ्यासाठी निम्मं काम सोडून बोलला. मला इतका आनंद झाला होता की काहीही पाचपोच न ठेवता मी हसत म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"की दार तू रंगवलंस. बोटांना कळलं. टायर पण बघितला होता."

तो चालायचा थांबला. "मग टोकन?"

"पाठवणार नव्हतेच. तू बोलतोस का ते बघत होते."

वाटलं होतं, आता हा भिंतीला टेकून हसेल. तो हसला नाही.

"पेडल तपासलंस तसं?"

"तसं नाही…"

"तसंच. मी तिथे उभा राहून मरत होतो. अट मोडली तर ही परत दिसणार नाही, नाही मोडली तर हिचे पैसे बुडणार, गाडीने दगा दिला तर जीव जाणार… आणि तू नुसता आकडे दाबायचं नाटक करत होतीस." त्याचा आवाज चढला नाही, आणि ते जास्त लागलं. "मी विक्रीला काढलेला नाही."

माझी बस आली. तो मागे वळून न बघता निघून गेला.

दोन दिवस मी स्वतःशीच भांडत होते की माझं काहीही चुकलेलं नाही. फसायचं नसेल तर तपासायलाच हवं. यात काय खोटं आहे? तिसऱ्या दिवशी पेशंट आजोबांचा खांदा फिरवताना ते म्हणाले, "पोरी, हात माझा आहे, शत्रूचा नाही." तेव्हा हात सोडला, आणि स्वतःशी चाललेलं भांडणही.

त्याच संध्याकाळी एक जाहिरात दिसली. पहिलीच ओळ – एसी चालत नाही. दुसरी – डावा आरसा फुटलाय. तिसरी – मागचं दार आतून उघडत नाही, बाकी गाडी प्रामाणिक आहे. विकणारा सुतार होता, लाकडं न्यायला त्याला मोठी गाडी हवी होती. मी एकटीच गेले. थंड इंजिन सुरू करून बघितलं. चेसिसचा नंबर कागदाशी जुळवला, कागदावरचं नाव त्याच्या ओळखपत्राशी. कर्जाचा बोजा नाही, विमा चालू. गाडी माझ्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेली, उचलून खालून बघायला लावली. पैसे मालकाच्याच खात्यात, तेही नाव बदलायच्या अर्जावर सही झाल्यावर. सुतार निमूटपणे सगळं करत राहिला. शेवटी म्हणाला, "एक राहिलं तुमचं. जादा चाक नाहीये. तुम्ही बघितलं नाहीत म्हणून सांगतो."

मी मान डोलावली. आणि किल्ली हातात घेऊन त्या गाडीत बसले, माझ्या गाडीत, तर पहिला विचार आला तो हा, की हे ज्याला सांगायचं तो माझ्याशी बोलत नाही. त्यानेही न विचारता सांगितलं होतं. मी अट घालून तोंड बंद केलं होतं, तरी सांगितलं होतं. सुताराचं काहीच गेलं नव्हतं. रंगाऱ्याचं निम्मं काम गेलं. आणि मी त्याला काय दिलं, तर शेरा… पास.

वर्कशॉपच्या दारात गाडी उभी केली. आत एकही गाडी नव्हती. शाळेची लोखंडी बाकं ओळीने मांडलेली, आणि तो गुडघ्यावर बसून एकाला हिरवा रंग देत होता.

"बाकं?" मी म्हणाले.

"बाकं. अपघात लपवत नाहीत."

"गाडी घेतली मी."

"दिसतेय." ब्रश थांबला नाही. "आरसा फुटलाय."

"माहीत आहे. सांगून विकलीय."

ब्रश वर, ब्रश खाली. मी आयुष्यात फार कमी वेळा माफी मागितलीय. दादाची तर कधीच नाही.

"माझं चुकलं."

"काय?"

"ऐकलंस."

"रंगाचा वास फार आहे, कान बंद होतात."

"रंगाच्या वासाने नाक बंद होतं, कान नाही. माझं चुकलं. तुला तपासायचं नव्हतं. मला भीती वाटली, की तू गप्प राहशील. आणि तू गप्प राहिला असतास तर गाडीचं मला काही वाटलं नसतं. तुझं वाटलं असतं." मी एका दमात बोलून टाकलं. "मला तू आवडतोस. खूप. आता बोल नाहीतर बाकं रंगव."

त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. उठला. हात पुसले, फार सावकाश, एकेक बोट. "मी तुझ्यासाठी अट मोडली," तो म्हणाला. "परत मोडेन. जिथे तुझं नुकसान दिसेल तिथे मी तोंड उघडणार. चालेल?"

"भांडण होईल."

"होऊ दे. पण नाटक नाही."

"नाटक नाही," मी म्हणाले, आणि त्याच्या सदऱ्याला ओला रंग आहे हे विसरून त्याच्या गळ्यात पडले. तो दचकला, हसला, आणि मग हिरव्या बोटांनी मला जवळ घेतलं. माझा तो ड्रेस गेला कामातून.

रविवारी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, मी त्याला घेऊन घरी गेले. बाबांनी गाडीला एक फेरी मारली, कागद वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "निकाल वकीलसाहेबांच्या बाजूने." मी त्यांच्यासमोरच मुख्य बाईंना फोन लावला आणि उद्या येत नाही, परवाही येत नाही, असं सांगितलं. आईने दोघांना चहा दिला, आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघून घेतलं.

दादा मात्र मला बाजूला घेऊन गेला.

"गाडीसाठी महिनाभर खपलीस. कागद, इंजिन, चाकं, सगळं बघितलंस. बरोबर?"

"बरोबर."

"आणि याचं? घर कसं आहे, काम किती चालतं, आधी कोणी होती का, माणूस कसा आहे… काय काय काढलंस?"

मी बाहेर बघितलं. तो अंगणात आईचा कप हातात धरून उभा होता, आणि माझ्या गाडीचा फुटका आरसा डोकं तिरकं करून न्याहाळत होता.

"काहीच नाही," मी म्हणाले.

"काहीच नाही? आणि तरी?"

"तरी," मी म्हणाले, आणि बाहेर गेले.